चाक वाटेवरच ठेवा

सह्याद्रीच्या सड्यावर मोटरसायकल घुमवणाऱ्याला साहसी म्हणायला मी तयार नाही. तो नासधूस करतो आणि वर तिचा व्हिडिओ काढून मिरवतो. गेल्या आठ-दहा वर्षांत पुण्यात ही मंडळी भलतीच फोफावली आहेत. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी भल्या पहाटे चांदणी चौकात जाऊन बघा. गुडघ्या-कोपरांना कवच, हेल्मेटवर कॅमेरा, मागे ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि बुडाखाली तीन-चार लाखांची गाडी. निघतात ताम्हिणीकडे, वेल्ह्याकडे, राजमाचीला, नाहीतर साताऱ्याच्या वरच्या सड्यांवर. संध्याकाळी चिखलाने माखून परततात, गाडी धुवायला टाकतात आणि त्यांच्या लेखी विषय संपतो. डोंगरावर तो संपलेला नसतो.

मी याच छंदातला माणूस आहे. कच्च्या रस्त्याने, एका मित्राबरोबर, लांबच्या मुलखात जाणं हे माझ्या आयुष्यातलं मोठं सुख आहे आणि ते कुणी हिरावून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे लिहितोय. आपण असेच वागत राहिलो तर वनखातं एक दिवस सरसकट सगळ्या वाटांवर अडसर टाकेल, आणि त्या दिवशी आपल्या बाजूने बोलायला एकही गावकरी उभा राहणार नाही.

पुण्यावर यात जास्त जबाबदारी येते, कारण या गाड्या आपल्याच अंगणात तयार होतात. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर जानेवारी २०२० मध्ये भारतात आली. ती चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. २०२३ पासून ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्याही चाकणहूनच बाहेर पडतात. त्याआधी २०१६ मध्ये रॉयल एन्फील्डने हिमालयन आणली आणि हा छंद नोकरदाराच्या आवाक्यात आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उंच चाकाची, चांगल्या सस्पेन्शनची गाडी रास्त दरात मिळू लागली हे उत्तमच झालं. संताप येतो तो जाहिरातींचा. कुठल्याही कंपनीची घ्या. गाडी वाट सोडून गवतावर उतरते, ओढ्यातून फवारे उडवत जाते, मागचं चाक माती उधळतं, आणि आजूबाजूला एक माणूस, एक जनावर, एक बांध दिसत नाही. विशी-पंचविशीतल्या पोरांना त्यातून एवढंच कळतं, की शहराबाहेर जे काही आहे ते मोकळं पडलंय आणि आपल्या टायरची वाट बघतंय.

मोकळं काही पडलेलं नाही. सडा म्हणजे काय, ते एकदा गाडी लांब लावून, गुडघे टेकून, डोळे जमिनीजवळ नेऊन बघा. उन्हाळ्यात तिथे नुसता तापलेला जांभा दिसतो. पाऊस लागला की त्याच खडकावरच्या दोन-चार बोटं मातीत सगळी वस्ती जागी होते. खळग्यांत पाणी साठतं. त्या उथळ पाण्यात वायतुरा उगवतो, दोन फाट्यांचा तुरा वर काढून. ही वनस्पती सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांखेरीज जगात कुठेही नाही, आणि तिचं शास्त्रीय नावही साताऱ्यावरून ठेवलेलं आहे. शेजारी सीतेची आसवं असतात, जांभळी, नखाएवढी. मातीत कस नाही म्हणून ही वनस्पती ओलीतले सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत पकडून जगते. दवबिंदू आपल्या चिकट केसांवर किडे धरतो. गेंद, तेरडा, कवला, सोनकी, सगळ्यांना उगवून, फुलून, बी धरून आटोपायला दोन-तीन महिनेच मिळतात. आंबोलीच्या सड्यांवर एक छोटा भेक राहतो. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याची अंडी आणि पिल्लं वाढतात ती याच खळग्यांत, बोटभर पाण्यात.

अशा सड्यावरून बटन टायर फिरला की काय होतं ते मी पाहिलंय. चाक घसरतं, पोरगा ॲक्सिलरेटर पिळतो आणि माती थेट खडकापर्यंत खरवडून निघते. जिथे चाकाने खळग्याचा काठ कापला तिथे चाकोरी पडते आणि साठलेलं पाणी तिच्यातून वाहून जातं. मध्ये दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की खळगा कोरडा. पिल्लं चिखलात मरतात, झाडं बी धरायच्या आत सुकतात. हे एका गाडीने होतं. मागून येणाऱ्यांना पहिली चाकोरी फार घसरडी वाटते, म्हणून ते तिच्या बाजूने दुसरी पाडतात, त्यानंतरचे तिसरी. पुढच्या वर्षी तिथे फुलांच्या जागी उघडा दगड असतो. वाटल्यास माती आणून टाकू, असं एका क्लबवाल्याने मला ऐकवलं होतं. बाहेरची माती टाकली तर तिच्यासोबत बाहेरचं तण येतं आणि उरलंसुरलंही जातं, एवढं साधं ज्ञान नसताना ही माणसं निसर्गाच्या ओढीने बाहेर पडतो म्हणून सांगतात.

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासला आज नोंदणी आहे, शुल्क आहे, राखणीला माणसं आहेत. पण सडे काही कासपाशी संपत नाहीत. पाटी नसलेल्या, राखणदार नसलेल्या शेजारच्या सड्यांवर तीच फुलं असतात, आणि रायडर नेमके तिथेच जातात, कारण तिथे अडवणारं कुणी नसतं. अडवणारं कुणी नाही म्हणून करणं, याला मराठीत चोरी म्हणतात.

कायदाही स्पष्ट आहे. परवानगीशिवाय अभयारण्यात शिरायला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो आणि तिथल्या अधिवासाची नासधूस हा वेगळा गुन्हा मानतो. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, ताम्हिणी २०१३ पासून. राखीव जंगलांना १९२७ चा भारतीय वन कायदा लागू आहे. मात्र हा कायदा पाळून घेणारा वनरक्षक बहुतेक वेळा एकटा आणि पायी असतो, आणि समोर पंधरा गाड्या असतात. त्याच्याशी हुज्जत घालणारे लोक मी पाहिलेत. आमच्या शहराला नियम म्हटला की आधी वाद सुचतो. जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा स्वतःच्याच डोक्याच्या रक्षणाविरुद्ध इथे मोर्चे निघाले. तो वाद निदान ज्याच्या-त्याच्या डोक्यापुरता होता. सड्यावर तुम्ही दुसऱ्याचं डोकं फोडत आहात.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे. पवनचक्क्यांनी सडे पोखरले, रिसॉर्टवाल्यांनी डोंगर विकत घेतले, खाणींनी तर मुळापासून उचलले; मग चार मोटरसायकलींवरच राग का? चाळकेवाडीला जाऊन आलेला कुणीही यातला पहिला भाग नाकारणार नाही. पवनचक्क्यांसाठी केलेल्या रस्त्यांनी त्या पठाराचं काय झालं ते उघड्यावर आहे. पण मोठा दरोडेखोर मोकाट आहे म्हणून पाकीटमाराला सोडून देता येत नाही. शिवाय पवनचक्कीवाला निदान वीज तरी तयार करतो. तुम्ही काय तयार करता? पंधरा सेकंदांचं रील.

आता माणसांकडे येतो, कारण झाडं-बेडूक म्हटलं की अनेकांचं लक्ष उडतं. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून राजमाचीला जाणारी वाट पुण्यातल्या प्रत्येक रायडरला ठाऊक आहे. पायथ्याच्या उधेवाडीला गाडीने पोहोचायची तीच एक वाट. कर्जतच्या बाजूने पायवाटेनेच चढावं लागतं. किराणा, गॅसची टाकी, आजारी माणूस, सगळं त्याच वाटेने येतं-जातं. भर पावसात तिथे पंचवीस-तीस गाड्या घालून चढावर चाकं गरगर फिरवली की गुडघाभर खोल चर पडतात. रायडर गावात पिठलं-भाकरी खाऊन परततो. सोमवारी दवाखान्यात निघालेली बाई त्या चरांतून जाते.

वेल्ह्याच्या बाजूला एका शेतकऱ्याने मला आणि माझ्या मित्राला बोलावून आपलं खाचर दाखवलं होतं. लावणी होऊन फार दिवस झाले नव्हते. बांध तीन ठिकाणी फुटलेला, त्यावर बटन टायरचे ठसे इतके स्वच्छ की कुठल्या कंपनीचा टायर ते ओळखता यावं. वरचं पाणी खालच्या खाचरात उतरलं होतं आणि वरची रोपं पिवळी पडायला लागली होती. बांध म्हणजे रायडरला उडी मारायचा उंचवटा. त्या माणसाला त्यावर वर्षाचा तांदूळ. आम्हालाही त्याने आधी त्याच टोळीतले समजून हाक मारली होती, आणि आमचे कपडे, आमच्या गाड्या बघता त्याचं काही चुकलं नव्हतं. आम्ही दोघांनी फावडं मागून घेतलं आणि त्याच्याबरोबर बांध घातला. ते आमचं कर्तव्यच होतं, उपकार नव्हते. हे सांगायचं कारण एवढंच, की बांध घालायला किती वेळ आणि किती कंबर लागते ते प्रत्येक रायडरने एकदा करून बघावं.

या बिघाडाचं मूळ टोळीत आहे, असं माझं ठाम मत झालंय. दोन माणसं निघतात तेव्हा त्यांना वाट विचारावी लागते, पाणी मागावं लागतं, रात्री कुणाच्या तरी ओसरीवर पडावं लागतं. गावाची गरज असली की गावाचा मान राखला जातो. वीस जणांच्या टोळीला गावाची गरजच नसते. मोबाइलमध्ये वाट आखलेली, मागच्या टेम्पोत मेकॅनिक, पाण्याची खोकी, जेवण. या टोळ्या आता धंदा झाल्या आहेत. माणशी अमुक हजार भरा, लडाखची मोहीम करा, शेवटी प्रमाणपत्र घ्या. तुमची गाडी, तुमचे हात, तुमचा घाम, आणि कुठे थांबायचं, कधी निघायचं, कुठे फोटो काढायचा ते तिसऱ्याने ठरवायचं. याला प्रवास म्हणू नका.

आणि हा धंदा जिवावर उठतो. मनालीहून लेहला जाणाऱ्या कित्येक मोहिमांचा आराखडा असा असतो: पहिला मुक्काम जिस्पा, साधारण ३,२०० मीटर, दुसरा सरचू, जवळपास ४,३०० मीटर. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं या विषयातले डॉक्टर सांगत आले आहेत. इथे एका दिवसात अकराशे मीटर वाढवतात, तीही साडेपाचशे मीटरवर राहणाऱ्या पुणेकराची. रात्री डोकं ठणकतं, उलट्या होतात, एखाद्याच्या फुप्फुसांत पाणी साचू लागतं. अशा माणसाला लगेच खाली न्यायचं असतं. पण सरचूच्या एका बाजूला ४,८०० मीटरहून उंच बारालाचा ला ही खिंड, दुसऱ्या बाजूला पाच हजारांच्या वरचा लाचुंग ला. खाली न्यायला आधी वर चढवावं लागतं. हे माहीत असूनही तिथे मुक्काम ठेवतात, कारण एक दिवस वाचतो आणि मोहीम स्वस्त पडते. भरलेल्या पैशांच्या हिशेबात माणसाचं फुप्फुस कुठेच धरलेलं नसतं.

तिथून पुढे खारदुंग ला. तिथली पाटी वर्षानुवर्षं १८,३८० फूट उंची सांगत आली. नीट मोजमाप केलं तर ती खिंड १७,५८० फुटांच्या आसपास भरते. त्या पाटीसमोर रांगा लागतात. तो रस्ता ज्यांनी घासून, फोडून, बर्फ उपसून उघडा ठेवला ते मजूर चार पावलांवर डांबराची पिंपं तापवत उभे असतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलणारा रायडर मला क्वचित दिसला.

त्या मजुरांचं एक ऋण माझ्यावर आहे. ग्रामफूहून चंद्रा नदीच्या काठाने बातल, तिथून कुंझुम चढून लोसर, हा स्पितीचा रस्ता मी आणि माझ्या मित्राने केला. मित्र भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर आयुष्य घालवलेला. बोलतो कमी, पाना उत्तम चालवतो. त्या रस्त्यावर हिमनद्यांचं पाणी नाल्यांतून थेट वाटेवर येतं. सकाळी थंडीत पाणी गुडघ्याखाली, दुपारी ऊन तापलं की बर्फ वितळून तेच मांडीपर्यंत, आणि तळाचे गोटे पायाखालून सरकतात. म्हणून पहाटे निघायचं, एकाने आधी चालत जाऊन तळ चाचपायचा, मगच गाडी घालायची. असा एक नाला ओलांडल्यावर, बातलच्या अलीकडे, माझं मागचं चाक बसलं. मित्राने चाक उतरवलं, टाचेने दाबून टायरची कड रिमपासून सोडवली, भांडी घासायच्या साबणाचं पाणी कडेने फिरवलं, दोन लिव्हरने टायर उघडला. नव्या ट्यूबमध्ये आधी चार दट्टे हवा भरली, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही. मग हातपंप. चार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरते. दहा दट्ट्यांत धाप लागते. सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे चार मजूर खडीचा ढिगारा सोडून आले. झारखंडचे, दुमक्याकडचे. न सांगता एकाने पंप घेतला, दुसऱ्याने गाडी तोलून धरली, तिसऱ्याने ॲक्सल सरळ रेषेत येईपर्यंत चाक उचलून धरलं. नंतर डालड्याच्या डब्यात उकळलेला चहा दिला. पैसे पुढे केले तर रागावले. सगळा वेळ आम्ही त्यांच्या गावच्या शेतीबद्दल बोलत होतो, सुट्टी कधी मिळते, घरी पैसे कसे पाठवतात. मागे टेम्पो असता तर यातलं काहीही झालं नसतं. मेकॅनिकने दहा मिनिटांत चाक बदललं असतं आणि आम्ही त्या माणसांच्या अंगावर धूळ उडवत पुढे गेलो असतो.

जड गाडीच्या अट्टाहासाबद्दलही थोडं सांगतो. २००४ मध्ये इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोघे मित्र लंडनहून न्यूयॉर्कला मोटरसायकलवर गेले, तेव्हा त्यांच्या मदतीला गाड्या होत्या, पैसा होता, जर्मन बनावटीच्या भारीतल्या भारी मोटरसायकली होत्या. मंगोलियात त्यांच्या कॅमेरामनच्या गाडीची चौकट तुटली. त्याला तिथेच एक साधी रशियन गाडी विकत घेऊन दिली आणि तिच्यावर तो पुढे निघाला. त्याच्याही कितीतरी आधी, १९२३ मध्ये, मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले आणि १९२८ मध्ये परतले. लांब जायला काय लागतं याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. दीडशे किलोच्या आतली गाडी एकट्याला उचलता येते, ओढ्यातून ढकलता येते, आणि ती वाटेवर ठेवणंही सोपं जातं. अडीचशे किलोचं धूड चिखलात कलंडलं की उचलायला टोळीच लागते.

मग गाडी चालवायची कुठे, असं कुणी विचारेल. चिखलातच खेळायचं असेल तर पुण्याभोवती खासगी जागेत आखलेले ट्रॅक आहेत. पैसे भरा आणि दिवसभर चाकं फिरवा, कुणाचं काही बिघडत नाही. प्रवास करायचा असेल तर गावागावांना जोडणाऱ्या पाणंदी आहेत, मुरमाचे रस्ते आहेत, जुन्या घाटवाटांपैकी जिथे आजही गाडी जाते अशा वाटा आहेत. स्पितीत, झंस्कारमध्ये, चांगथांगात रस्ते आहेत आणि ते पुरेसे कठीण आहेत. चांगथांगात गवत वाढायला वर्षातले तीन-चार महिने मिळतात, त्यावर चांगपांच्या पश्मिना शेळ्या जगतात; तिथे चाकाने उमटलेला ओरखडा वर्षानुवर्षं दिसत राहतो. जिथे वाट संपते तिथे स्टँड लावा आणि पायी चला. पाय त्यासाठीच आहेत.

पुण्यातल्या रायडिंग क्लबांकडे माझी मागणी आहे. सड्यांवरच्या आणि अभयारण्यांतल्या ज्या ज्या वाटांच्या आखण्या तुम्ही मोबाइलवरून वाटल्या आहेत त्या आजच्या आज काढून टाका. वाट सोडून गवतावर, खाचरात किंवा पाणवठ्यात गाडी घालणाऱ्याला क्लबमधून काढा, मग तो कितीही जुना सदस्य असो. पावसाळ्यात चार गाड्यांपेक्षा मोठी राईड काढू नका. आणि ज्या गावाची वाट तुमच्यामुळे खचली आहे, तिथे फावडी घेऊन जा.

क्लब हे करतील की नाही, मला खात्री नाही. म्हणून वाचकांनाही सांगतो. या पावसाळ्यात तुम्ही ट्रेकला जाल, फुलं बघायला जाल, गावी जाल. सड्यावर किंवा जंगलात वाट सोडून फिरणारी मोटरसायकल दिसली तर गाडीचा नंबर टिपा, ठिकाण टिपा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर तिथल्या तिथे फोन करा. ती गाडी तुमच्या मित्राची असली तरी करा.